काष्टीच्या टेम्पोआधी घेतलेला कॉर्डलेस

माझ्या सासूबाई आणि काष्टीला दिलेली त्यांची लेक यांच्यामध्ये टेलिफोनची जी तार होती, ती मी होते.

नव्वदच्या दशकाची अखेर. सावेडीतलं आमचं घर आगगाडीसारखं लांबुळकं होतं. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, मग फरशीचा छोटा चौक आणि चौकापलीकडे मागची खोली. फोन हॉलमध्ये. सासूबाई मागच्या खोलीत, खुब्याचं हाड मोडून खाटेवर. पाय जमिनीला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वन्संच्या घरी नेमका त्याच वर्षी फोन आला, आणि नवा फोन आलेलं माणूस गप्प बसत नाही. रविवारी सकाळी घंटी वाजली की ती काष्टीचीच.

"वहिनी, आईला ईचार, जेवान जातंय का?"

रिसीव्हर टीपॉयवर आडवा ठेवायचा, स्वयंपाकघर ओलांडायचं, चौकाच्या दारात उभं राहून ओरडायचं.

"आत्याबाई, वन्सं विचारतायत, जेवण जातंय का?"

"सांग तिला, जातंय. पन भाकरी जाड असती. आन भाजीत मीठ हाय का न्हाई ते जिभेनं हुडकावं लागतं."

परत हॉलमध्ये. "जातंय म्हणतात."

माझ्या मते हे अगदी प्रामाणिक काम होतं. एसटीडीचं मीटर पळत असताना मिठाचा विषय काष्टीपर्यंत कशाला न्यायचा? पण सासूबाईंचे कान खुब्यासारखे मोडलेले नव्हते. मी पुन्हा चौकात आले की त्या खाटेवरून मान उचलायच्या. "येवढं लांबलचक मी बोलले, आन तू दोन शब्दांत माघारी?"

तिकडे वन्संनाही तोच संशय. "आई येवढंच म्हनली? आनखी काय न्हाई म्हनली?" आणि मला दोघींचा. दोघी एकमेकींना काय सांगू पाहतायत आणि माझ्यासमोर सांगत नाहीत, याचा विचार करत मी कणीक मळायचे. तेव्हा मी चाळिशीची होते. चष्मा नवा लागलेला, आणि आपल्याला सगळं दिसतं अशी खात्री. आज त्या बाईला रस्त्यात पाहिलं तर मी दुसऱ्या फुटपाथवरून जाईन.

मग एका रविवारी मी भाजी आणायला गेलेली आणि फोन यांनी उचलला. यांनी म्हणजे माझ्या नवऱ्यानं. पाटबंधारे खात्यात होते, मितभाषी माणूस. मी पिशवी ठेवतेय तोवर म्हणाले, "ताई म्हणतीये आईला काष्टीला घेऊन जाते. त्यांचा टेम्पो लिंबं घेऊन नगरला येतोच, जाताना रिकामा असतो. खाट, कपाट, सगळं एका खेपेत जाईल. पुढच्या बाजारच्या दिवशी."

"आणि आत्याबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, लेकीशी बोलून सांगते."

"मग बोला म्हणावं! मी आहे की सांगायला."

हे पिशवीतली भाजी काढू लागले. "तुझ्या तोंडून नको म्हणतीये. स्वतःच्या तोंडानं बोलणार."

आता टेम्पोचं सांगते, म्हणजे मी एवढी का धास्तावले ते कळेल. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना बंगले, प्रत्येक फाटकात एकेक बाई. त्या गल्लीतून एका म्हातारीची खाट, त्यावर लोखंडी कपाट, त्यावर म्हातारीची वळकटी असा टेम्पो दिवसाढवळ्या निघाला असता, तर सून म्हणून माझं नाव संध्याकाळच्या आत पार बसस्टॉपपर्यंत गेलं असतं. "लेकीनं नेली हो, सून बघत नव्हती." हे एक. दुसरं असं की मला त्या जायला नकोच होत्या. शेंगा त्याच सोलायच्या. गवार, मेथी सगळी खाटेवर बसून निवडून द्यायच्या, आणि निवडताना गल्लीतल्या एकेकीला धुवून काढायच्या. असं माणूस मला पगार देऊनही मिळालं नसतं. पण हे त्यांना तोंडावर सांगायचं? छे. मी फक्त संशय घ्यायचे. माझ्याविरुद्ध काहीतरी मोठी तक्रार आहे, ती लेकीच्या कानात ओतायची आहे आणि मग टेम्पोत बसायचं आहे, एवढं मी पक्कं केलं.

हे म्हणाले, कॉर्डलेस घेऊ. बिनतारी. आई खाटेवरून बोलेल.

वायर लांबवायचा विचार आधी झाला होता. पण ती स्वयंपाकघरातून जाणार, चौकात पावसात भिजणार, आणि उद्या सासूबाई काठी घेऊन चालू लागल्या की त्यांच्याच पायात येणार. तेव्हा कॉर्डलेसच. "मी पण येते," मी म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मी आजवर बल्ब घ्यायलासुद्धा गेले नव्हते.

दुकान कापडबाजाराच्या पुढच्या गल्लीत. गादी घातलेलं, चपला बाहेर काढून बसायचं. दुकानदारानं दोन डबे पुढे ठेवले. एकातला फोन दुधाच्या किटलीएवढा, त्याची एरियल ओढली की छताच्या पंख्याला लागेल. दुसरा छोटा, आटोपशीर, त्याची बैठक आपल्या मिसळणाच्या डब्याएवढी.

"हा मोठा घ्या साहेब. अर्धा किलोमीटर रेंज. शेतात नेला तरी चालेल."

"आम्हाला शेत नाही," मी म्हटलं. "अर्धा किलोमीटर म्हणजे आमचं बोलणं अर्धा किलोमीटर जाणार?"

"हो ना, ताई!" तो खुशीत आला. त्याला वाटलं गिऱ्हाईक पटलं.

"मग मधल्या घरांना ऐकू येणार."

तो म्हणाला, तसं नसतं. मी म्हटलं, कसं असतं ते सांगा. मग त्याला खरं बोलावं लागलं. म्हणाला, दुसऱ्या कुणाकडे असाच सेट असला आणि चॅनेल तेच लागलं, तर कधीमधी आवाज मिसळतो. आमच्या शेजारच्या बंगल्यात कॉर्डलेस होता. शेजारीण दुपारी गच्चीवर तो कानाला लावून फिरायची. तिला एवढा वेळ बोलायला माणसं कुठून मिळतात, याचं मला बरेच दिवस कोडं होतं. ते तिथल्या तिथे सुटलं. बाई ऐकत होती! (पुढे कळलं, ती बहिणीशी भांडत असायची. पण त्या दिवशी माझी खात्री पटली.)

"आणि हा छोटा?"

"याची रेंज कमी. घरापुरता. भिंती जास्त असतील तर खरखरतो. पण याला मागे चॅनेल बदलायचं बटण आहे."

"हाच," मी म्हटलं.

दुकानदारानं यांच्याकडे पाहिलं. "साहेब, सगळे लोक रेंज जास्त मागतात. वहिनी कमी मागतायत."

"तिची काहीतरी कारणं असतील," हे म्हणाले. सगळी कारणं मी यांना सांगितली नव्हती. घरातलं घरात राहावं, हे एक होतंच. पण मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की हा बारका फोन स्वयंपाकघर आणि चौक ओलांडून मागच्या खोलीपर्यंत पोचलाच नाही, तर माझा काय दोष? मी तर चांगला पारखून घेतला.

पारखलाही. त्याच्या बुडाशी कंपनीचा ठसा नव्हता, डब्यावरची अक्षरं कुठल्या देशाची तेही कळेना. प्लगचा जाड ठोकळा उलटा करून मी नव्या चष्म्यातून वाचला. "यावर एकशे दहा व्होल्ट लिहिलंय. आपल्याकडे दोनशेतीस असतात." हे मला कसं माहीत, तर भावानं परदेशातून आणलेला हेअर ड्रायर मी लावल्याबरोबर जळाला होता. दुकानदार जरा वरमला आणि आतून दुसरा ठोकळा घेऊन आला. माझा संशय त्या दिवशी एवढा एकदा कामाला आला, आणि तेवढ्यावर मी पुढे कितीतरी वर्षं मिरवलं.

"चालवून दाखवा," मी म्हटलं.

त्यानं दुकानाची लाईन जोडली, हँडसेट माझ्या हातात दिला. "जा ताई, बोलत बोलत बाहेर जा. नंबर लावून बघू कुठवर येतंय." यांनी समोरच्या दुकानात जाऊन तिथल्या फोनवरून हा नंबर लावला. मी उठले आणि चपला घालायला वाकले, तर दुकानदार हळूच म्हणाला, "चपला राहू द्या की ताई इथंच. लगेच यायचंय ना."

म्हणजे त्यालाही माझा संशय! फोन घेऊन पळाले तर? माझ्या चपला तारण ठेवून मी भर बाजारात अनवाणी चालत निघाले, कानाला हँडसेट आणि त्याची वीतभर एरियल.

"येतंय का?" हे.

"येतंय."

"आता?"

"येतंय. बांगड्यांचं दुकान आलं."

"आता?"

"खरखर. साड्यांचं दुकान."

"मागे फिर."

"थांबा. सेल लागलाय."

त्या काळी रस्त्यात एकटी बाई मोठ्यानं बोलत चाललीय हे दृश्य नवीन होतं. साड्यांच्या दुकानातला माणूस हात जोडून म्हणाला, "या काकू, बसा, पाणी घ्या." मला ऊन लागलंय असं त्याला वाटलं असावं. मी ताठ मानेनं म्हटलं, "मी टेलिफोनवर आहे." त्यानं माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि पाणी आणायला गेला.

फोन घेतला. जाताना दुकानदारानं बजावलं, "लाईट गेली की हा बंद. जुना फोन काढू नका, दोन्ही एकाच लाईनवर राहू द्या." हे त्यानं चांगल्या हेतूनं सांगितलं. पण पुढचा सगळा गोंधळ त्या वाक्यानं झाला.

घरी आल्यावर बैठक हॉलमध्ये ठेवली. मागच्या खोलीत खरखर, जणू कुणी कानात शेंगदाणे भाजतंय. मी म्हटलं, "अरेरे." हे म्हणाले, "जागा बदलून बघू." टीव्हीवर ठेवली, आणखी वाईट. फ्रिजवर ठेवली, तर फ्रिज सुरू झाला की घुंगरू वाजायचे. शेवटी स्वयंपाकघरात, चौकाच्या खिडकीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवली आणि आवाज असा स्वच्छ आला की माझा चेहरा पडला. यांना दिसला की नाही देव जाणे. मी मागच्या खोलीतून "येतंय" म्हटलं ते फार हळू म्हटलं, एवढं आठवतं.

सासूबाई हे सगळं खाटेवरून पाहत होत्या. हँडसेट हातात घेऊन त्यांनी उलटा केला, बुडाला बोट लावून पाहिलं.

"ह्याला तार न्हाई."

"बिनतारीच आहे, आत्याबाई."

"मंग बोलनं जातं कुठनं?"

"हवेतून."

"हवा कुनाची? समद्यांचीच ना?" हाच प्रश्न दुकानात मी विचारला होता, पण तो त्यांनी विचारल्यावर मला अडाणीपणा वाटला. मी समजावलं, आपला छोटा आहे, घराबाहेर जात नाही, शेजारणीला ऐकू येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेजारनीचं सोड. हालमधला तो जुना फोन उचलला, तर ऐकू येतं का न्हाई?"

मी चादरीची चुणी सरळ करू लागले. तेवढं त्यांना पुरलं.

"येतं म्हन की."

"येतं. पण मी कशाला उचलू?"

"मी कुठं म्हनलं तू उचलशील? आसंच ईचारलं."

टेम्पोला दोन-तीन दिवस राहिले होते. रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. सकाळी जेवणं झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं: काष्टीला लावायचा. आधी यांना केडगावला पिटाळलं, तिथल्या कुठल्या वैद्याकडून तेल आणायला. "तेल संपलं नाही," हे म्हणाले. "संपंल," त्या म्हणाल्या. हे स्कूटर काढून गेले. मग मी नंबर लावून हँडसेट त्यांच्या हातात दिला आणि शहाण्या सुनेसारखी उठून निघाले.

"कुठं चाललीस?"

"तुम्ही बोला मोकळेपणानं. मी स्वयंपाकघरात आहे."

"न्हाई. हितं बस. माझ्या म्होरं. मला दिसशील आशी."

मला आधी उमगेचना. लेकीशी खासगी बोलायचं म्हणून एवढा बिनतारी फोन आणला, मुलाला केडगावला धाडलं, आणि मला समोर बसवतात? मग लख्ख प्रकाश पडला. त्यांना भीती एवढीच होती की मी हॉलमध्ये जाऊन जुना फोन उचलीन आणि चोरून ऐकीन. मी डोळ्यांसमोर असले की चोरून ऐकणं शक्य नाही! उघड ऐकण्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि चाललं, हे मी आजही सांगू शकत नाही.

मी स्टुलावर बसले. हात मांडीवर. शाळेत छडी खायच्या आधी बसायचे तशी.

"हां. मीच बोलतेय. व्हय, माझ्याच तोंडानं. न्हाई, ती हाय की हितं, म्होरंच बसलीय."

आता सुरू होणार. भाकरी, मीठ, जे असेल ते. मी मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

"लिंबाचा भाव काय? … मातीमोल? मंग तोडताय कशाला, झाडावर ऱ्हाऊ द्या. … तांबडी गाभन हाय का? कितवा लागला? … आन त्या वरल्या आळीच्या सुनंला काय झालं? … पोरगी? बरं झालं. … नाक कुनावर गेलंय?"

गाईवर पुष्कळ वेळ. मग एका चुलत दिराच्या विहिरीवर. त्या विहिरीचं पाणी कुणी कसं फिरवलं त्याचं असं वर्णन झालं की मीसुद्धा पुढे सरकून ऐकू लागले. मग मागच्या जत्रेत कोण कुणाशी बोललं नाही ते. मध्येच त्या एकदम हसल्या, पोट धरून. मोडल्या हाडाला झटका बसला तशा "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्याशी बोलताना त्या हसायच्या त्या दुसऱ्या कुणाला तरी.

माझं नाव काही येईना. मी वाट पाहतेय, पाहतेय. आता येईल. गाय संपली, विहीर संपली, जत्रा संपली, आता सुनेचंच उरलं. तर त्यांनी पुन्हा तांबडीच काढली! खरं सांगू? मला राग आला. एवढी वर्षं त्यांचं केलं आणि तक्रार करण्याइतकीही माझी दखल नाही? भाकरीचं तरी म्हणावं! मी खाकरले. त्यांनी हातानंच "गप" केलं.

शेवटी वन्संनीच विचारलं असावं, कारण सासूबाई एकदम म्हणाल्या, "टेम्पो? कशाला टेम्पो?"

मी स्टुलाच्या कडेवर आले.

"आगं, तिकडं येऊन मी काय करनार? तू जानार रानात, पोरं शाळंत. मी आपली खाटंवर पडून छताकडं बघनार. मला तुझ्याशी बोलायचं हुतं, ते आता झालं की. उद्या परत करीन. … आन हितं काय? हितं बरं हाय. ही भाजी मला निवडायला देती." एवढं म्हणून माझ्याकडे पाहिलं. "मीठ कमी घालती. पन तिला सांगितलं की तोंड बारीक करती, म्हनून सांगत न्हाई."

एवढंच. माझ्यावरची एकच तक्रार, तीही माझ्या तोंडावर.

टेम्पो ठरल्या दिवशी आला. बाजारात लिंबं उतरवून झाल्यावर ड्रायव्हर एक पोतं आमच्या ओट्यावर टाकून गेला, वन्संनी पाठवलेलं. गल्लीतल्या बायका फाटकात उभ्या होत्या. त्यांना पोत्यातली लिंबं वाटता वाटता मी म्हटलं, "आमच्या आत्याबाई कुठं जात नाहीत बरं का." कुणी विचारलं नव्हतं.

पण मी निर्धास्त झाले असेन असं समजू नका. त्या दिवसापासून सासूबाईंनी हँडसेट सोडलाच नाही. उशीखाली. चार्जिंगला बैठकीवर ठेवायला पाहिजे म्हटलं, तर म्हणायच्या, "चार्जिंगच्या नावावर तू काय काय करशील." सेल उतरून तो मुका झाला तेव्हा म्हणाल्या, "बिघाडलास ना हात लावून?" शेवटी यांनी एका सुट्टीला लाईनची वायरच पाइपात घालून भिंतीवरून वरच्या वर मागच्या खोलीत नेली आणि बैठक त्यांच्या लोखंडी कपाटावर ठेवली. जुना फोनही तिथेच, खाटेशेजारी. हॉलमध्ये टीपॉयवर आता नुसती फुलदाणी.

मग माझ्या बहिणीचा फोन आला की मला मागच्या खोलीत जावं लागायचं. हँडसेट घेऊन मी चौकात सटकायला बघायचे, पण कपाटाच्या लोखंडानं आवाज अडायचा, चौकात खरखर, स्वयंपाकघरात काहीच नाही. रेंज कमीच घ्यायची हा हट्ट माझा. तेव्हा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसूनच बहिणीशी बोलायचं. सासूबाई मेथीची जुडी पुढे ओढायच्या, पानं खुडताना मान खाली, आणि मी गप्प झाले की मान वर.

"बोल की," म्हणायच्या. "मी काय ऐकत न्हाई."